तलाव गॅलरीसाठी बांधलेला नाही

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, कोणत्याही गावात कोणत्याही रस्त्याने शिरा, रस्त्याकडेच्या फलकांवर एकच स्वप्न विकायला काढलेले दिसते. शांत परिसर, सभ्य शेजार, मुलांना खेळायला मोकळी जागा आणि गॅलरीसमोर तलाव. या स्वप्नाची टवाळी करायची नाही, कारण ते ज्या शहरात पडते त्या शहराचा ताप खरा आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र शहराच्या उशाशी आहे आणि कोळशाच्या ट्रकांची रांग तुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशात चौथे आले होते. अशा ठिकाणी दिवसभर धूळ खाऊन आलेल्या माणसाला संध्याकाळी पाण्यावरून येणारी वाऱ्याची झुळूक हवीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे तो या इच्छेभोवती विणलेला युक्तिवाद. तो असा: तलाव ही निसर्गाची देणगी आहे, सध्या ती नुसतीच पडून आहे. शेतीसाठी तिचा उपयोग संपलेला आहे. काठावर चांगली माणसे राहायला आली की तलावाकडे लक्ष राहील, नगरपालिका फिरायला रस्ता करील, दिवे लावील, कारंजे आणि नाव आणील. तलाव वाचेल, घराची किंमत वाढेल, मुले आनंदात राहतील. मग कोणाचे काय बिघडले? हा प्रश्न इतक्या निरागसपणे विचारला जातो की उत्तर देणाराच विकासाचा वैरी ठरतो. तो ठपका पत्करून उत्तर द्यावे लागेल, कारण वरच्या युक्तिवादातले एकही वाक्य तपासणीत टिकत नाही.

पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करू. झाडीपट्टीतले, म्हणजे या पूर्व विदर्भातले, तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, अशी प्रथा या मुलखात होती. त्या आधारावर कोहळी समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांनी उतार ओळखून, माती वाहून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आज माजी मालगुजारी, म्हणजे सरकारी कागदांवरचे ‘मामा’ तलाव, सहा हजारांहून अधिक आहेत. गावोगावच्या लहान बोड्या वेगळ्याच. चंद्रपूरच्या परकोटालगतचा रामाळा तलावही गोंडकालीन. यातला कोणताही तलाव पाण्याने भरलेला नुसता खड्डा नाही. वरच्या बाजूला पाणलोट असतो, तिथून लहानमोठ्या ओढ्यांनी पाणी उतरते. पाळ ते अडवते. जास्तीचे पाणी सांडव्याने खालच्या तलावाकडे जाते आणि नहरेने उरलेले काम होते, बांध्यांमधले धान भिजते. एकाचा सांडवा दुसऱ्याचा येवा, अशी ती साखळी आहे. म्हणजे तलाव जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट पसरलेला असतो, आणि त्याचा बहुतेक भाग कोरडा असतो. फलकावर मात्र फक्त ओला भाग रंगवलेला असतो. कोरडा भाग अकृषक करून, चुन्याच्या रेघा मारून, प्लॉट पाडून विकायला ठेवलेला असतो.

इथेच या शांत वसाहतींची सगळी फसवणूक आहे. प्लॉट दाखवायचा हंगाम पाहा. दिवाळी संपली, पाणी मागे हटू लागले की गिऱ्हाइकांच्या गाड्या सुरू होतात आणि मृगाआधी सौदे उरकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काठाची जमीन, जिच्यावर एकेकाळी गाळपेर होई, ती त्या दिवसांत कडक आणि सपाट असते. तिच्यावरून मोटारही जाते. ही जमीन तलावाचीच आहे हे कळायला ऑगस्ट यावा लागतो, आणि कधी कधी एक ऑगस्ट पुरत नाही, दहा वर्षांतून एखादाच असा येतो. नागपूरच्या अंबाझरीने तो धडा सगळ्या विदर्भाला शिकवला आहे. १८७० साली बांधलेला हा तलाव आणि त्याच्या खालच्या अंगाला शहरातल्या नावाजलेल्या, झाडीत वसलेल्या, शांत वसाहती. कौटुंबिक म्हणावे तर याहून कौटुंबिक काय असणार? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या या वसाहतींमध्ये लोक अंथरुणात असतानाच पाणी शिरले. माणसे मेली, हजारो घरांचे संसार भिजले. पुढे सांडव्यासमोर उभ्या केलेल्या स्मारकाचा, अरुंद झालेल्या पात्राचा आणि पाळीच्या दुरुस्तीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तलाव तोच होता आणि दीडशे वर्षे त्याच जागी होता. त्याची बाहेर जायची वाट तेवढी आपण आपल्या सोयीने लहान केली होती. नागपूरच्या या पुराच्या आदल्याच वर्षी बंगळुरूमध्ये तलावांच्या साखळीत वसवलेल्या श्रीमंतांच्या बंगल्यांतून रहिवाशांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. चंद्रपूरला तर यासाठी बाहेर पाहायचेही कारण नाही, इरई नदीच्या पुरात वस्त्या बुडण्याची बातमी इथे नवी राहिलेली नाही. तरीही ‘पाणी इतक्या वर कधी येत नाही’ हे वाक्य प्रत्येक सौद्यात ठामपणे उच्चारले जाते. ते उच्चारणारा माणूस सौदा झाल्यावर त्या वसाहतीत राहत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता शांततेकडे वळू, कारण खरा राग तिथे आहे. चालता तलाव शांत नसतो. पहाटे ढिवरांच्या जाळ्यांची ये-जा असते, दुपारी म्हशी पाण्यात बसलेल्या असतात, धुण्याच्या दगडांवर बाया असतात, शिंगाड्याच्या दिवसांत पाण्यावर माणसांची गर्दी असते, मासे उतरले की पाळीवरच भाव ठरतो आणि आरडाओरडाही होतो. मरळ आणि मांगूर यांना वास असतो, म्हशींनाही असतो. नव्या वसाहतीला हे सगळे पहिल्या वर्षी गमतीचे वाटते, दुसऱ्या वर्षी अस्वच्छ वाटते आणि तिसऱ्या वर्षी त्याविरुद्ध सह्यांचे निवेदन तयार होते. फिरायच्या वाटेवर जाळी वाळत घालू नयेत, गुरे आणू नयेत, कपडे धुऊ नयेत. निवेदनाची भाषा नेहमी पर्यावरणाची असते. मग फाटक येते, चौकीदार येतो, वेळापत्रक लागते, आणि शांतता प्रस्थापित होते. या शांततेत कोणाचा आवाज बंद झाला हे विचारायला नको का? ‘कौटुंबिक परिसर’ हे शब्द फलकावर ठळक असतात, मग ढिवराला काय कुटुंब नसते? त्याची मुले त्याच पाळीवर वाढली, त्याच्या सहकारी संस्थेने त्याच तलावाचा ठेका घेऊन पैसे भरले, त्यात मत्स्यबीज सोडले. त्या तलावावर ज्याचे पोट आहे तो उपद्रव ठरतो आणि ज्याची फक्त नजर आहे तो हितचिंतक ठरतो, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

यावर एक उत्तर ठरलेले असते: जुने झाले ते, आता तलाव सरकारचा आहे, कोणाची वहिवाट आणि कसले हक्क? हे अज्ञान आहे, किंवा सोयीचे विस्मरण. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. मालगुजाराचा तलाव सरकारजमा झाला, पण गावाचा निस्तार, म्हणजे सामाईक वापराचा हक्क, संपला नाही. गुरांना पाणी, आंघोळ, धुणे, मासेमारी, माती, काठाची जागा यांबद्दलच्या नोंदी गावोगावच्या निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये झालेल्या आहेत. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने कलम ३ (१) (ड) मध्ये जलाशयांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये देशात अगदी सुरुवातीला सामूहिक वनहक्क मिळवला, आणि त्यानंतर याच जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांनी तो मिळवला. ज्या जिल्ह्याने पाण्याजंगलावरचा हक्क म्हणजे काय हे देशाला दाखवले, त्याच जिल्ह्यातल्या गावठाणांच्या कडेला तलाव आता ‘व्ह्यू’ म्हणून चौरस फुटावर विकला जातो. वनजमिनीवरचा कायदा शहराच्या तलावाला जसाच्या तसा लागू होत नाही, असे कोणी वकील सांगेल. बरोबर आहे. पण निस्तारपत्रकातली नोंद गावाला नगरपंचायत मिळाली म्हणून आपोआप पुसली जात नाही, हेही त्याच वकिलाने सांगावे.

तरी ‘माणसे आली की तलाव वाचतो’ हा मुद्दा उरतोच, आणि तो सर्वांत चलाख आहे. माणसाला जे दिसते त्याची तो काळजी घेतो, असे त्यामागचे मानसशास्त्र. मग रामाळ्याचे काय झाले? तो काही आडरानातला तलाव नाही. चंद्रपूर शहराच्या मध्यावर आहे, काठावर उद्यान आहे, तिथे नौकाविहार होता, संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे तिथे जात आली आहेत. सुशोभीकरणवाद्यांना जे जे हवे ते बहुतेक सगळे रामाळ्याला मिळाले होते. तरी त्यात शहरातले सांडपाणी येत राहिले, गाळ साचत राहिला, जलपर्णी पसरत राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांना त्यासाठी अन्नत्याग करावा लागला, तेव्हा कुठे कारभाराला जाग आली. गॅलऱ्या होत्या, बाकडी होती, बघणारे डोळे हजारो होते. त्या डोळ्यांनी नाला थांबवला का? नाला थांबवण्यासाठी एका माणसाला जेवण थांबवावे लागले. उलट विचारावे: काठावर वाढलेल्या घरांचे सांडपाणी जाते कुठे? उतार तलावाकडे आहे म्हणूनच तर तिथे तलाव आहे. वरच्या अंगाला घरे बांधायची, त्यांची न्हाणीघरे आणि शोषखड्डे उताराला सोडायचे, तलाव हिरवा झाला की स्वच्छतेसाठी निधी मागायचा आणि स्वच्छता म्हणून काठाला भिंत घालायची. आजारी माणसाचे औषध तोडून त्याला नवा सदरा शिवावा, तशातला हा प्रकार.

त्या भिंतीबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक तिथेच सर्वाधिक फुगते. तलावाचा जीव त्याच्या उथळ काठात असतो. खोल पाण्यात मासा वाढतो खरा, पण अंडी बहुधा उथळात, पाणवनस्पतींच्या आडोशाने देतो. कमळपक्षी, पाणकोंबडी, अडई यांना चरायला गुडघाभर पाणी आणि ओला चिखल लागतो. वरून येणारा गाळ आणि घाण काठावरचे गवत अडवते. त्या जागी दगडी किंवा सिमेंटची उभी भिंत घातली, वर रंगीत फरशी बसवली, की उथळ भाग संपतो आणि तलाव पोहण्याच्या हौदासारखा एकदम खोल सुरू होतो. मुलांसाठी सुरक्षित काय म्हणायचे, हळूहळू उतरणारा काठ की पाय घसरला की सरळ पाणी? आणि याला पर्याय नाही असेही नाही. शेजारच्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ वर्षानुवर्षे ढिवरांना, विशेषतः ढिवर बायांना बरोबर घेऊन तलाव जागे करत आले आहे. तिथे बेशरम नावाचे तण उपटले जाते, तलावाच्या पोटात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या जातात, देशी मासे परत येतात, पाठोपाठ पक्षी येतात. या कामात एकही कारंजे नाही. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला लागते आणि कोणता मासा तिच्याखाली राहतो हे ज्या लोकांना माहीत होते, ते नेमके तेच लोक आहेत ज्यांना आपल्या वसाहतींनी उपद्रव ठरवून पाळीवरून उठवले.

शेती संपली, सिंचनाला तलाव कोणाला हवा, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. चंद्रपूरचा पूर्वभाग आणि गडचिरोली आजही धानावर जगतात. ऐन लोंबी भरायच्या वेळी पाऊस दगा देतो, तेव्हा तलावाचे एक पाणी मिळाले की नाही यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. गावालगतच्या काही तलावांखालचे धान खरेच बंद झाले आहे, पण का? आधी पाणलोटात मुरुम टाकून रस्ते झाले, येव्याचे ओढे बुजले, तलाव भरेनासा झाला. मग नहर कोरडी पडली आणि मग तलाव निकामी ठरला. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून वर निकामी जागेचा सदुपयोग केल्याचे श्रेय घ्यायचे, याला धाडस लागते.

राहिला कायद्याचा मुद्दा: सगळ्या परवानग्या आहेत, मग बोलायचे काय? परवानग्या असतात, आणि तिथेच गंमत आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. म्हणजे मामा तलाव सिंचनासाठी बांधला म्हणून त्याला पाणथळीचे संरक्षण नाही, आणि आता सिंचन होत नाही म्हणून त्याला सिंचनाचेही संरक्षण नाही. दोन्ही दारांतून त्याला बाहेर काढले आणि मधल्या अंगणात प्लॉट पडले. पण कायदा एवढाच नाही. हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ मध्ये आणि जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांवरची घरे, मग त्यांवर कितीही खर्च झालेला असो, नियमित करायला नकार दिला आणि सामाईक जागा गावाला परत करायला सांगितले. हे निकाल आपल्याकडे लागू होतात ते बहुधा पाळीच्या पायथ्याला ताडपत्री बांधून राहिलेल्या माणसाला. त्याला अतिक्रमणाची नोटीस मिळते, वरच्या अंगाला येवा बुजवणाऱ्याला मंजूर अभिन्यास मिळतो. पहिल्याच्या झोपडीने तलावाचे जेवढे नुकसान होते, त्याच्या कित्येक पट दुसऱ्याच्या मुरुमाने होते. पण झोपडी गॅलरीतून दिसते आणि खटकते, मुरुम मात्र घराच्या पायाखाली असतो.

म्हणून स्पष्ट सांगायचे तर तलावाकाठी राहणे आणि तलाव पाहत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली शहरे पहिलीचे नाव सांगून दुसरी विकत आहेत. काठी राहायचे तर पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या सोडाव्या लागतील, म्हणजे पाणलोटातला आणि सांडव्याखालचा प्लॉट सोडावा लागेल, मग तो कितीही स्वस्तात मिळो. स्वतःच्या सांडपाण्याची व्यवस्था स्वतःच्या हद्दीत करावी लागेल. माशांचा वास, म्हशी, पहाटेच्या हाका आणि पावसाळ्यात अंगणापर्यंत येणारे बेडूकही मान्य करावे लागतील. एवढे जड वाटत असेल तर घर दुसरीकडे घ्यावे, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांना हे मान्य आहे त्यांच्यासाठी तपासणी सोपी आहे. प्लॉट मे महिन्यात पाहिला असेल तर ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन पाहा. तलाठ्याकडे गावनकाशा आणि निस्तारपत्रक मागा, आपला गट येव्यात, पाळीखाली की सांडव्याच्या वाटेत येतो ते नकाशावर बोट ठेवून विचारा. जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाला पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येते ती रेषा विचारा. वसाहतीचे सांडपाणी कुठे जाणार हे लेखी घ्या. आणि पाळीवर जाळे दुरुस्त करत बसलेल्या ढिवराला विचारा, तुला इथून कोणी उठवणार आहे का? या प्रश्नांची उत्तरे हातात पडेपर्यंत इसार देऊ नका.